बजेटातला पूल आणि तानाबाईची नाव

तानाबाई अंबी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते असं : "ए सायकलवाल्या, ती सायकल आडवी घाल. उभी धरून मिरवायला हा काय रंकाळा हाय?"

नाव तिची होती आणि नदी भरलेली होती, म्हणून मी सायकल मुकाट आडवी घातली. एरवी असं बोललेलं मी मामलेदाराचंही ऐकून घेतलेलं नाही.

माझं राजारामपुरीत सायकल दुरुस्तीचं दुकान. शाळा चौथीत सुटली. पण तालमीच्या वाचनालयात येणारं वर्तमानपत्र मी जाहिरातींसकट वाचायचो. वाचलं की डोकं तापायचं, डोकं तापलं की अर्ज लिहायचा, आणि अर्जाला उत्तर आलं नाही की चार माणसं घेऊन कचेरीत जाऊन बसायचं. हा माझा खरा धंदा, सायकलीचं दुकान जोडधंदा. निगुडवाडीचे दूधवाले पंक्चर काढायला माझ्याकडं यायचे, म्हणून त्या गावाशी माझा संबंध आला.

निगुडवाडी भोगावतीच्या पलीकडं. गावाच्या पाठीशी डोंगर, आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी नदीचा वळसा. कोल्हापूरला यायचं तर नदी उतरल्याशिवाय गत्यंतर नाही. चैत-वैशाखात पाणी गुडघ्याला असतं, बाया डोक्यावर बुट्टी घेऊन चालत येतात. पण मिरगापासून शिमग्यापर्यंत नाव पाहिजे. ती नाव अंब्यांच्या घराकडं पिढीजात होती. तानाबाईचा नवरा केरबा तापानं गेला तेव्हा गावाला वाटलं, आता नाव तिचा दीर चालवणार. पण दीर मिलमध्ये कामाला लागलेला. तानाबाईनं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू हातात घेतला. कुणीतरी काठावरून म्हणालं, "बाईच्या हातात नाव? बुडवायचीस की गं."

"मग पव्हत ये," ती म्हणाली. तो नावेत बसला.

तिची मजुरी अशी : गावच्या माणसाकडून पैसा घ्यायचा नाही. वर्षातून एकदा, शाळवाची मळणी झाली की प्रत्येक घराच्या खळ्यावर जायचं आणि आपलं बलुतं, ठरलेलं धान्य, घेऊन यायचं. पैसा द्यायचा तो परगावच्या पावण्यानं. त्या धान्यावर तिचं घर चालायचं, आणि त्यातलंच थोडं विकून नावेच्या फटीत भरायला डांबर, राळ आणि काथ्या यायचा. नावेत मात्र तिचं राज्य. मागं बसेल त्यानं आत आलेलं पाणी डब्यानं उपसून बाहेर टाकायचं, मग तो गडी असो, गुरवाचा असो की सरपंच. सरपंच पिराजी म्हणून होता, कडक इस्त्रीची टोपी घालायचा. त्यालाही मी पाणी उपसताना पाहिलंय.

सदुसष्ट सालची विधानसभेची निवडणूक आली. उमेदवार सयाजीराव प्रचाराला निगुडवाडीला निघाले. पाच-सहा कार्यकर्ते, एक हलगीवाला, आणि त्यांच्याबरोबर मी, कारण त्यांना भर सभेत दोन प्रश्न विचारायचा माझा बेत होता. नाव मध्यावर गेली आणि सयाजीराव उठून उभे राहिले. काठावरच्या लोकांना हात जोडले आणि तानाबाईला म्हणाले, "आक्का, मला निवडून द्या. पुढच्या खेपंला हितं पूल बघशीला. मी पुलावरनं मोटारीत येणार."

"या की," तानाबाई म्हणाली. "पन आत्ता खाली बसा. पुलाआधी नाव उलटायची."

सगळी नाव हसली. सयाजीरावही हसले आणि बसले. माणूस दिलदार होता, हे मी विरोधात असूनही लिहितो. निवडून आले ते बऱ्याच मतांनी.

निवडणुकीनंतर मुंबईत विधानसभेचं बजेटाचं अधिवेशन भरलं. कोण मंत्री झाला, कोण रुसला, याच्या बातम्या संपल्यावर जिल्ह्यातल्या कामांची यादी वर्तमानपत्रात आली. तीत एक ओळ होती : निगुडवाडी येथे भोगावती नदीवर पूल. पिराजीनं ती ओळ चावडीत मोठ्यानं वाचली, मग पुन्हा वाचली, मग ज्याला वाचता येत होतं त्या प्रत्येकाच्या हातात दिली. हलगी लागली, गुलाल उधळला. काठावर नारळ फोडला. पेढे वाटले, त्यातला एक तानाबाईलाही दिला. तिनं खाल्ला. नंतर मी तिला विचारलं, तू पेढा कसा खाल्लास? तर म्हणाली, "का? पूल झाला तर मीबी वरनंच जानार की. जल्मभर बांबू मारायची मला काय हौस हाय?"

पुलाचं तिला वावडं नव्हतं. घोळ पुढंच झाला, आणि तो निगुडवाडीनंच करावा असा होता.

मळण्या सुरू झाल्या. तानाबाई रिकामं पोतं घेऊन रिवाजाप्रमाणं पहिल्यांदा सरपंचाच्या खळ्यावर गेली. पिराजी राशीवर हात ठेवून उभा.

"तानाबाई, यंदापासनं बलुतं बंद. गावानं ठरवलंय."

"का बरं?"

"पूल झाला न्हवं."

तिनं मान वळवून नदीकडं बघितलं. "कुठं झाला?"

"मंजूर झालाय. बजेटात हाय."

"आनि म्हशी काय बजेटावरनं पलीकडं जायच्यात?"

"आगं, पावसाळ्यापतूर खांब तरी हुबं ऱ्हातील. एका सालासाठी कशाला धान्य घालवायचं? जोराचं पानी काय ते पावसाळ्यात. तेवढं काहिलीवर भागवू."

काहील म्हणजे गूळ शिजवायची मोठी गोल कढई. आमच्याकडं पूर आला की गुऱ्हाळातली काहील ओढून नदीत टाकतात, आत माणसं बसवतात आणि चार पोहणारे कडा धरून ती पलीकडं नेतात. एका वेळेला, नडीला, ठीक असतं. पिराजीनं त्या काहिलीचीच रोजची नाव करून टाकली.

तानाबाई त्याच्याशी पुढं वाद घालत बसली नाही. दुसऱ्या खळ्यावरही गेली नाही. रिकामं पोतं घडी करून काखेत मारलं आणि घरी आली. मला हे दूधवाल्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, अरे, पुढच्या खळ्यावर तरी जायला सांगायचं होतं, एकाला तरी लाज वाटली असती. दूधवाला म्हणाला, "मागून घ्यायला ती काय भिकारीण हाय?" मग मला कळलं की मी चुकीचं बोललो.

तिनं दिराचे बैल आणून नाव काठावर ओढली, पालथी घातली आणि दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या गुऱ्हाळावर उसाची पिळलेली चिपाडं वाळवायला रोजानं जाऊ लागली.

मी मात्र गप्प बसणारा नाही. यादीत नाव आलं म्हणजे दगड पडला असं होत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण मला ते सयाजीरावांच्या तोंडून ऐकायचं होतं. आमच्या बाजूच्या एका आमदारानं मला प्रेक्षकांच्या गॅलरीचा पास दिला, आणि बांधकाम खात्याच्या मागण्यांवर चर्चा होती त्या दिवशी मी मुंबईत जाऊन बसलो.

काय सांगू! सकाळचा बराच वेळ आमदारांच्या खोल्यांमध्ये टेलिफोन कधी मिळणार यावर गेला. सगळे पक्ष त्यात एक झाले. निवडणुकीत एकमेकांच्या सात पिढ्या काढणारी माणसं टेलिफोनसाठी बाकं वाजवत होती. मग एकानं विश्रामगृहाच्या गळक्या छपराचा विषय काढला. तोही रंगला. दुपारी रस्ते आणि पूल आले तेव्हा निम्मी बाकं रिकामी.

सयाजीराव उठले. नव्या साखर कारखान्याकडं जाणारा रस्ता डांबरी होणार, त्याला भरघोस रक्कम दिली, म्हणून त्यांनी मंत्र्यांचे आभार मानले. शेवटी म्हणाले, निगुडवाडीच्या पुलाकडंही लक्ष द्यावं. मंत्र्यांनी बसल्या बसल्या कागद चाळला आणि सांगितलं, "या पुलासाठी टोकन तरतूद केलेली आहे. पैसे उपलब्ध होतील त्याप्रमाणे पुढच्या वर्षी विचार करू." सयाजीरावांनी बाक वाजवलं आणि बसले.

टोकन म्हणजे काय, ते मला शेजारच्या वार्ताहरानं सांगितलं. कामाचं नाव बजेटातून जाऊ नये म्हणून त्याच्यापुढं नावापुरती रक्कम मांडायची. त्यात पुलाचा पायासुद्धा खणून होत नाही. रेल्वेच्या बाकावर टॉवेल टाकतात ना, तसं. टॉवेल बसलेला असतो, माणूस आलेला नसतो.

संध्याकाळी मी आमदार निवासात सयाजीरावांच्या खोलीवर गेलो. त्यांनी ओळखलं. चहा मागवला.

"काय सायकलवाले, मुंबई बघायला आलासा?"

"पूल बघायला आलोय. गावानं त्या बाईचं धान्य बंद केलंय तुमच्या पुलावर."

"कुठल्या बाईचं?"

"नाववाल्या तानाबाईचं. तुमाला खाली बसवलं होतं तिनं."

ते ओशाळं हसले. मग म्हणाले, "हे बघा. मला वरनं सांगितलं, एकच मोठं काम धरा. मी रस्ता धरला. हजारो एकर ऊस उभा हाय. रस्ता न्हाय झाला तर ऊस वाळतो, आनि ऊस वाळला की मी वाळतो. निगुडवाडीची घरं किती? माणसं आजपतूर उतरतातच की नदी."

"मग गावाला तसं सांगा की. पूल यंदा न्हाय म्हणून एक ओळ लिवा पिराजीला."

"तेवढं नका सांगू. माणसं खूश हायत, त्यांचा आनंद कशाला घालवायचा?"

मला राग यायला हवा होता, आणि आलाच. चहा तसाच ठेवून मी उठलो. पण रस्त्यानं चालताना एक गोष्ट मनातून जाईना. त्या माणसानं मला खोटं सांगितलं नव्हतं. त्याला एकच काम मिळालं आणि त्यानं निवड केली. फक्त ती निवड निगुडवाडीला सांगायची हिंमत त्याच्यात नव्हती, आणि तिची किंमत एकटी तानाबाई भरत होती.

परत येऊन मी निगुडवाडीच्या चावडीत सगळं सांगितलं. पिराजी म्हणाला, "तू विरोधी पार्टीचा. तुला पूल दिसनारच न्हाय."

"आरं, मी कानानं ऐकून आलोय."

"कानानं ऐकलंस, आनि आमी छापलेलं वाचलंय."

यावर लोक हसले. मी दोन-चार शब्द असे बोललो की ते इथं लिहिता येत नाहीत, आणि तिथून निघालो. वाटेत तानाबाई भेटली. तिला वाटलं मी तिची वकिली करायला गेलो होतो. ती माझ्यावरच उखडली. "तुला कुनी सांगितलं मुंबईला जायला? माझं धान्य मी मागितलं न्हाय, तू कोन मागनारा?"

"तुझं न्हाय मागितलं. खरं सांगायला गेलतो."

"मग सांगितलंस न्हवं? जा आता."

पावसाळा लागला. खांब काही उभे राहिले नाहीत. पिराजीच्या गुऱ्हाळातली काहील नदीत आली. आषाढात मी पुन्हा पलीकडं गेलो, दूधवाल्यांच्या डेअरीच्या कामासाठी, आणि त्याच काहिलीतून गेलो. तिला पुढं नाही, मागं नाही. पाण्याला लागली की गरागरा फिरते. मी उतरल्यावर काठावर तसाच खाली बसलो, तर पोरं हसायला लागली. रात्रभर पाऊस झाला, परत जाता येईना, म्हणून मी गावातच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी लाल आणि वेगात. तरी काहील निघाली, कारण दूध थांबत नाही. आत दुधाचे कॅन, दोन दूधवाले आणि पिराजीची बायको धोंडुबाई. तिच्या माहेरी कुणी आजारी होतं. चौघे पोहणारे कडा धरून होते. मध्यावर एकाचा हात सुटला, मग दुसऱ्याचा. काहील फिरत फिरत खाली गेली आणि पाण्यात बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यात अडकली. पोहणारे खालच्या अंगाला काठाला लागले. काहील तिथंच, कॅन एकेक करून नदीत, आणि धोंडुबाई ओरडत होती ते आम्हाला काठावरून ऐकू येत होतं.

पिराजी धावत तानाबाईच्या दारात गेला, आणि त्याच्यामागं आम्ही सगळे. ती आधीच बाहेर येऊन बघत उभी होती.

"तानाबाई, नाव काढ."

"नाव उन्हाळाभर तापल्याय. फळ्या उघडल्यात. घातली की पानी आत येनार."

"तानाबाई, पाया पडतो."

"पाया नगं पडू, चिंध्या आन. गोणपाट आन. आनि पानी उपसायला चौघं या."

लोकांनी घराघरातून जुनी लुगडी, पोती आणली. तिनं बायकांकडून चिखलात तुडवून ती फटीत कोंबून घेतली. नाव पाण्यात ढकलायच्या आधी ती चांगली वरच्या अंगाला ओढत नेली. पिराजी ओरडला, "आगं, ती खाली हायत!"

"हितनं घातली तर धार मला कोल्हापूर दावल, बाभळ न्हाय. गप ओढ."

नावेत ती, पिराजी, मी आणि दोन गडी. पाणी पहिल्यापासूनच घोट्याला आलं. आम्ही बादल्यांनी उपसत होतो आणि ती बांबूनं नाव धारेत तिरकी धरत होती. मी सभेत पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्यात, पण त्या सकाळी मी जेवढा घाबरलो तेवढा कधी घाबरलो नाही. पिराजी मध्येच देवाचं नाव घेऊ लागला तर ती म्हणाली, "हात चालू दे सरपंच. देव बादली मारायला यायचा न्हाय."

नाव बाभळीला घासून थांबली. गड्यांनी शेंडे धरले. धोंडुबाईला आत ओढलं, मग दोघा दूधवाल्यांना. काहील सोडून दिली. परतताना पाणी पोटरीच्या वर आलं होतं. नाव काठाला लागली ती बरीच खाली, उसाच्या फडात, आणि लागतानाच तळाची एक फळी मोडली. सगळे जिवंत होते. धोंडुबाई उसाच्या सरीत बसली आणि पहिल्यांदा काय बोलली तर, "माझी पिशवी ऱ्हायली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तानाबाईच्या दारात रांग लागली. प्रत्येक घरातून धान्य. धोंडुबाई सगळ्यात पुढं. तानाबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं कुणालाही आत येऊ दिलं नाही.

"हे परत न्या."

"आगं, तुझंच हाय," धोंडुबाई म्हणाली.

"हे काल तुमास्नी वाचवलं म्हनून हाय. मला बक्षीस नगं. बलुतं चावडीत बंद झालंय, चावडीतच चालू करायचं. पिराजीनं समद्यांसमोर म्हनायचं, पूल हुईस्तोवर तानाबाईचं धान्य बंद हुनार न्हाय. तर मी नाव दुरुस्त करती. न्हायतर मी चिपाडं वाळवती, तुमी काहील चालवा."

पिराजी तिथंच होता. त्याचं तोंड उतरलं. कारण असं म्हणायचं म्हणजे पूल अजून हातात नाही हे सरपंचानं तोंडानं कबूल करायचं. तो सयाजीरावांचा माणूस. त्यांच्याच नावानं त्यानं गुलाल उधळलेला.

"आमदारास्नी कळलं तर?" तो हळू म्हणाला.

"कळू दे की. त्यांस्नी म्हाईतच हाय. तुलाच म्हाईत नव्हतं."

मी मागं उभा होतो. माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. चावडीत माझ्यावर हसलेली सगळी तोंडं माझ्यासमोर होती. पण तानाबाईनं एकदा माझ्याकडं असं बघितलं की मी तोंड उघडलं नाही. ते तिचं भांडण होतं.

पिराजी टोपीची घडी सारखी करत राहिला. शेवटी धोंडुबाईनं हातातली पाटी खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला चावडीत. का मी बोलू?"

त्या दुपारी चावडीत पिराजी उभा राहिला. टोपी काढून हातात धरली. म्हणाला, "पूल यंदा न्हाय. कवा हुईल ते मला म्हाईत न्हाय. हुईस्तोवर तानाबाईचं बलुतं चालू ऱ्हाईल." एवढंच बोलून बसला. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मीही मागितला नाही.

धान्य आलं. पाणी जरा उतरल्यावर पिराजीनं पोहणारे गडी पाठवून कोल्हापूरहून डांबर आणि राळ आणवली, वखारीतली फळी त्यांनी पाण्यातून ओढत आणली. नाव तयार होईपर्यंत दूध गावातच नासत होतं. कुणी घाई केली नाही. तानाबाईनं फटी भरल्या, बोटानं दाबून बघितल्या, पुन्हा भरल्या, आणि मनासारखं झालं तेव्हाच नाव पाण्यात घातली.

कारखान्याचा रस्ता पुढच्या उन्हाळ्यात झाला. चांगला झाला. मी त्यावरून सायकल चालवलीय, उगाच खोटं कशाला लिहू? सयाजीरावांनी जे धरलं ते पुरं केलं. निगुडवाडीचं नाव मात्र दरवर्षी बजेटात येत राहिलं, तसंच, नावापुरतं. गावानं त्यावर पुन्हा कधी हलगी वाजवली नाही. मी अर्ज करत राहिलो, मोर्चे काढले, दोनदा आत जाऊन आलो. पूल झाला तो आणखी दोन निवडणुका होऊन गेल्यावर, तेव्हा सयाजीराव आमदारही नव्हते. तोपर्यंत एकाही सुगीला तानाबाई खळ्यावरून रिकामं पोतं घेऊन परतली नाही.

पूल झाला त्या वर्षी मळण्या सुरू झाल्या तरी ती कुणाच्याच खळ्यावर दिसेना. पिराजी आता म्हातारा झालेला. काठी टेकत तिच्या घरी गेला आणि म्हणाला, "तानाबाई, रास पडल्याय. पोतं घेऊन ये की. एवढी सालं नाव चालवलीस, कोन न्हाय म्हनतंय?"

ती शेळीला पाला घालत होती. वर न बघताच म्हणाली, "चावडीत काय ठरलंय? पूल हुईस्तोवर. झाला की आता."